एकच परवाना, दोन भावांचे दोन पगार

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमच्या घरात दोघे भाऊ ट्रक चालवतात. माझे यजमान थोरले. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून ते कोलकात्याला जातात, दहाटायर गाडी आहे. धाकटे दीर मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोवरून पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवतात. दोघांचं हेवी लायसन्स एकाच वर्षी निघालं. दिरांना महिन्याला १९ हजार पगार, वर ड्युटीच्या दिवसाचा भत्ता आणि पीएफ. यजमानांना एका फेरीचे उक्ते २० हजार मिळतात, डिझेल आणि टोल मालकाचा. महिन्याला दोन फेऱ्या धरल्या तर ४० हजार झाले. पण महिन्याअखेर घरात दिरांचे पैसे जास्त येतात. सासूबाई म्हणतात, थोरला बाहेर उडवतो. हे काहीच बोलत नाहीत. गाडी चालवणं दोघांचं सारखंच, मग असं का? यांनीही टँकर धरावा का? — एक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : सासूबाईंना हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा, ही विनंती आधीच करते. तुमचे यजमान उडवत असतील की नाही ते मी इथून सांगू शकत नाही. पण २० हजारांतून घरी किती येऊ शकतात हे मला नक्की ठाऊक आहे. मनमाडच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडण्यात आणि चालकांचे हिशेब मिटवण्यात माझी सगळी नोकरी गेली. फेरीवरून आलेला माणूस टेबलासमोर बसायचा, शर्टाच्या खिशातून घामानं ओल्या झालेल्या चिठ्ठ्या काढायचा आणि एकेक खर्च आठवून सांगायचा. त्यातले निम्मे खर्च मालक मान्यच करायचा नाही. उक्त्याची पद्धत वाढली ती यातूनच. एकदा ठोक रक्कम हातावर ठेवली की मालकाची कटकट संपते आणि सगळी चालकाच्या गळ्यात पडते.

आता ते २० हजार मांडून बघू. जाऊन-येऊन चौदा दिवस धरा. चालक आणि क्लीनर दोघांची खुराकी दिवसाला ३०० रुपये म्हटली, आणि ढाब्यावर त्यात पोटभर होणं अवघड आहे, तर ४,२०० तिथेच गेले. क्लीनरला ४,००० द्यावे लागतात. भरताना-उतरवताना हमालांची वाराई, पंक्चर, ताडपत्रीची दोरी, पार्किंग, नाक्यानाक्यावरचं चहापाणी मिळून २,८०० सहज होतात. हे ११ हजार झाले. उरले ९ हजार, चौदा दिवसांचे. दिवसाला साडेसहाशेच्या आतच. दोन फेऱ्या धरल्या तर १८ हजार, तेही गाडी कुठे बिघडली नाही तर. दिरांचे १९ हजार मात्र बिघाड झाला तरी १९ हजारच राहतात. सासूबाईंना दिसतात ते ४० हजार यजमानांच्या हातून जातात खरे, पण त्यातले निम्म्याहून जास्त रस्त्याचे असतात. ते गप्प बसतात, कारण चौदा दिवसांच्या चिठ्ठ्या आईसमोर मांडणं कुठल्याही मुलाला जड जातं. तुम्ही मांडा.

हा हिशेबाचा भाग झाला. भेदाचं मूळ मात्र त्या चौदा दिवसांत आहे. पिंपळगाव ते कोलकाता अंतर साधारण अठराशे किलोमीटर. धुळे, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खडगपूर हा रस्ता. कांदा सडतो म्हणून जाताना गाडी पळवावीच लागते, तीन-चार दिवसांत पोचते. परतीलाही तेवढेच दिवस. म्हणजे चाक फिरतं सात-आठ दिवस. बाकीचे सहा दिवस यजमान थांबलेले असतात. शहरात दिवसा नो-एंट्री असते. बाजारात माल उतरायला नंबर लागतो. व्यापारी भाव बघत बसतो. मग परतीचं भाडं शोधायचं. इकडून तिकडे कांदा, द्राक्षं, डाळिंब भरभरून जातात, तिकडून इकडे यायला तेवढा माल नसतो. त्यामुळे परतीचं भाडं पडलेलं असतं आणि त्यासाठीही दलालाच्या ऑफिसबाहेर बसून राहावं लागतं. कधी रिकामी गाडी रायपूरपर्यंत आणून लोखंड भरायचं. या सहा दिवसांत यजमान झोपतात केबिनमध्ये, चोरांपासून डिझेल आणि टायर राखतात, आणि त्याचा एक रुपयाही त्यांना कुणी देत नाही.

तुमच्या दिरांनाही थांबावं लागतं. पानेवाडीला टँकरची रांग काही छोटी नसते. भरायला वेळ लागतो, पंपावर उतरवायला वेळ लागतो. फरक एवढाच, की त्यांना महिन्याचा पगार आहे. रांगेत गेलेला दिवससुद्धा त्यांच्या हजेरीत लागतो. थांबण्याचे पैसे कोण सोसतं, हे ज्या कामात आधी ठरलेलं असतं तिथे चालकाच्या हातात चार पैसे राहतात. जिथे ठरलेलं नसतं तिथे ते चालकाच्या अंगावर येतात. माझ्या मते दोन भावांतला निम्म्याहून जास्त फरक यातच आहे. लोक म्हणतात टँकरला धोका म्हणून पैसे जास्त. धोक्याचा भाग आहेच, पण लोक समजतात तेवढा नाही.

याचा पडताळा दुसऱ्या कामांतही मिळतो. पवनचक्कीचं पातं वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर पाहिला असेल तुम्ही. त्याला ओडीसीचं, म्हणजे नेहमीच्या मापाबाहेरच्या मालाचं, काम म्हणतात. ती गाडी दिवसात जेमतेम काही किलोमीटर सरकते. पुढच्या गावातल्या विजेच्या तारा उचलायच्या, पूल तपासायचा, परवानगीची वाट बघायची. तिथे फेरीवर किंवा किलोमीटरवर पैसे देतो म्हटलं तर एकही चालक मिळणार नाही. म्हणून त्यांना रोजचा भत्ता असतो, गाडी हलो न हलो. थांबणं हाही कामाचाच भाग आहे हे त्या धंद्यानं कबूल केलंय. कांद्याच्या धंद्यानं अजून केलेलं नाही.

मालाची किंमतही पगारात उतरते. १८ टन कांदा, किलोला १५ रुपये भाव धरला तर २ लाख ७० हजारांचा माल. वीस हजार लिटर पेट्रोल म्हणजे २० लाखांच्या वर. एवढा माल मालक कुणाच्याही हाती देत नाही, माहितीतला माणूस शोधतो आणि तो टिकावा म्हणून पगार बांधून देतो. चाकणहून नव्या मोटारी नेणाऱ्या कार-कॅरिअरचंही तसंच. त्यात कौशल्य लागतं, गाड्या चढवता-उतरवताना एक ओरखडा उठला तरी कापून घेतात, म्हणून पैसेही बरे असतात.

शिवाय दोघांचा परवाना एकाच वर्षीचा असला तरी तो सारखा नाही. दिरांचं लायसन्स नीट बघा, त्यावर धोकादायक मालाची नोंद असेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधा वाहतूक परवाना पाच वर्षं चालतो, धोकादायक मालाचा तीनच वर्षं. अट फार मोठी नाही, पण तेवढ्यानंही रांगेतली माणसं कमी होतात.

अजून एक गोष्ट मला फार टोचते. टँकरच्या कामात तेल कंपनी, तिचा ठेकेदार आणि चालक एवढीच साखळी. ठेका कागदावर असतो, दर कागदावर असतो, कामगार कायदे पाळण्याचं कलम कागदावर असतं. कांद्याच्या कामात व्यापारी, इकडचा दलाल, गाडीमालक, परतीचा दलाल अशी माणसं भाड्यातून आपापला वाटा काढतात आणि शेवटी चालक येतो. हंगामात कोलकात्याचं भाडं चढतं तेव्हा ती वाढ मालकापर्यंत पोचते, उक्त्यापर्यंत पोचत नाही. भाडं पडलं की मात्र लगेच सांगतात, यावेळी दोन हजार कमी घे. कांद्यावर ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला उठली, ते महिने आठवा. न्हावाशेवा बंदराकडे जाणारा माल बंद झाला. त्या गाड्या जाणार कुठे? त्या देशातल्याच लाईनींवर भाडं शोधत आल्या. बंदी दिल्लीत लागली आणि तिचा भार उक्त्यावर फेऱ्या करणाऱ्या चालकांवरही पडला.

कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं त्यात लिहिलं होतं. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागू नव्हता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. त्यातले कित्येक स्वतः कालपरवापर्यंत चालक होते, हप्त्यानं गाडी घेतलेले. त्यांना खलनायक म्हणणं मला पटत नाही. हप्ता चुकला तर गाडी ओढून नेतात, हे त्यांच्याही उशाशी असतं. पण महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं, त्यांची मंडळं झाली, मालकांकडून मंडळात लेव्ही जमा होऊ लागली, भविष्य निर्वाह निधी मिळाला. वखारीत माल उतरवणाऱ्या नोंदणीकृत माथाडीला जे संरक्षण आहे ते त्याच गाडीच्या चालकाला नाही. दोघे एकाच फळीवर बसून चहा पितात. हे मी किती वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला त्याचा राग आलाय.

टँकरवाल्यांची एकी पण आहे, तीही मोजा. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाण्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम आलं तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पानेवाडीला टँकर उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. सरकारला चर्चेला बसावं लागलं. एका डेपोवर रोज एकमेकांना दिसणारी माणसं एकत्र येऊ शकतात. कांद्याचा चालक आज अकोल्यात, परवा संबलपुरात. तो कुणाबरोबर बसणार?

आता तुमचा खरा प्रश्न, टँकर धरावा का. यजमानांचं वय आणि डोळे ठीक असतील, आणि रोज किंवा एक दिवसाआड घरी यावं असं त्यांना वाटत असेल, तर धरावा. पण आधी ठेकेदाराला स्पष्ट विचारायचं की शॉर्टेज कुणाच्या अंगावर. पंपावर माप कमी भरलं की पगारातून कापून घेणारे आहेत. पेट्रोल उष्णतेनं फुगतं, गारव्यानं आकसतं, हे चालकाचं पाप नव्हे. घनता आणि डिप (टाकीत पट्टी बुडवून घेतलेलं माप) दोन्ही ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहून घेतल्याशिवाय कागदावर सही करू नये. टँकरमध्ये चूक एकच होते आणि पुन्हा संधी मिळत नाही, तेव्हा जो माणूस सलग झोपेशिवाय गाडी चालवायला तयार होतो त्यानं या कामाला जाऊच नये. तुमचे यजमान कांदा वेळेत पोचवतात म्हणजे रात्ररात्र जागतात. ती सवय आधी मोडायला हवी.

कांद्यावरच राहायचं ठरलं तर उक्त्याऐवजी दुसरी बोली करायला सांगा. फेरीचे अमुक आणि गाडी पोचल्यावर दोन दिवसांपुढे थांबावं लागलं तर रोजचे अमुक. व्यापाऱ्याकडून हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मागायचा हक्क मालकालाही असतो, तो मागत नाही कारण थांबण्याचा तोटा त्याला एकट्याला होत नाही. चालकाचे रोजचे ४०० जरी लागले तरी तो लगेच फोन करू लागेल.

आणि एक वही तुम्ही ठेवा. गाडी कधी भरली, कधी पोचली, कधी रिकामी झाली, कधी परत भरली, एवढ्या तारखा, फोनवर विचारून. पैसे शक्यतो बँकेत घ्या. अपघात झाला तर कर्मचारी नुकसानभरपाईचे नियम (आधी १९२३ चा कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता) चालकाला लागू होतात आणि गाडीच्या सक्तीच्या विम्यातही चालकाची ती जबाबदारी धरलेली असते. पण हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच असं म्हणणारा मालक निघाला तर तुमच्या हातात काय असेल? बँकेची नोंद, बिल्टीचा फोटो आणि ती वही.

प्रश्न : मावशी, मी बारावी पास, वाळवा तालुक्यातला. हेवी लायसन्स नुकतंच हातात आलं. गावात उसाच्या ट्रकवर बोलावतात, रोजचे पैसे बरे वाटतात आणि वर शेतकऱ्यांकडून एंट्रीचे मिळतात म्हणे. मामा म्हणतो उरणला ये, ट्रेलर शीक, पण सुरुवातीला पैसे कमी. काय करू? — एक तरुण वाचक

उत्तर : मामाचं ऐक.

उसाचे पैसे हंगामापुरते. कारखाना बंद झाला की एप्रिलनंतर तू मोकळा. आणि ती एंट्री कुणाच्या खिशातून येते ते तू शेतकऱ्याच्या गावात राहतोस म्हणजे तुला माहीत आहे. ऊस वाळत चाललाय, तोड आली, गाडी दारात उभी आहे, अशा वेळी शेतकरी नाही म्हणूच शकत नाही. कारखाना आणि वाहनमालक चालकाचा पुरा पगार देत नाहीत आणि उरलेला शेतकऱ्याकडून वसूल करायला चालकाला पुढे करतात. दोन गरिबांची भांडणं लावणारी ही पद्धत आहे आणि त्या पैशावर तुझी सुरुवात होऊ नये असं मला मनापासून वाटतं. वाहनमालकाचीही एक बाजू आहे. त्यानं टोळीच्या मुकादमाला लाखांची उचल दिलेली असते, टोळी आली नाही की तो बुडतो, आणि बुडताना पहिला थकतो तो चालकाचा पगार.

ट्रेलरचं पहिलं वर्ष कठीण जाईल. घोडा (पुढचा इंजिनाचा भाग) आणि मागची ट्रॉली एकमेकांच्या उलट वळतात, रिव्हर्स घेणं हाताला बसायला वेळ लागतो. न्हावाशेव्याला रांगेत रात्री काढाव्या लागतील. पोर्ट ते जवळचं यार्ड अशा आखूड फेरीवर पैसे ठरवशील तर रांगच तुझी मजुरी खाईल, म्हणून मामाच्या ओळखीनं महिन्याच्या पगारावर लाग, कमी असला तरी चालेल. नऊ-दहा तास रांगेत गेले तर हजेरी लागते का, हे पहिल्याच दिवशी विचार. कंटेनर उतरवण्याआधी चारी कोपऱ्यांचे लॉक सुटलेत का ते खाली उतरून बघायची सवय लाव. ट्रेलरवर हात बसला की कार-कॅरिअर, ओडीसी, पुढे टँकर असली सगळी बरी कामं खुली होतात. दहाटायर चालवणारे पुष्कळ मिळतात. भरलेला ट्रेलर अरुंद यार्डात मागे लावणारे कमी मिळतात, आणि तू काय मागतोस ते मालक मग ऐकून घेतो.

प्रश्न : आमचे हे गडचांदूरला सिमेंटचा बल्कर (सुटं सिमेंट नेणारी टाकीची गाडी) चालवतात. पगारातून पीएफ कापतात असं मुनीम सांगतो, पण आम्हाला कागद कधी मिळाला नाही. शेजारच्या चालकाचा मालक दोनच गाड्यांचा, तो काही कापत नाही, त्यामुळे त्याच्या हातात जास्त येतात. आमचं नुकसान होतंय का? — एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : खरंच भरला जात असेल तर नुकसान नाही, कारण मालकालाही आपला वाटा भरावा लागतो आणि तो तुमच्या नावावर साठतो. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो, म्हणून शेजाऱ्याच्या मालकाला तो नाही. मुनीमावर विसंबू नका. यजमानांचा यूएएन, म्हणजे पीएफचा, क्रमांक मागा, मोबाईलवर पासबुक उघडा आणि दर महिन्याची रक्कम जमा झालीय का ते बघा. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. कापलेत आणि भरले नाहीत असं दिसलं तर पगाराच्या चिठ्ठ्यांच्या प्रती घेऊन भविष्य निर्वाह निधी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तक्रारीच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्या.